जोर कुणीकडे

दिवाळी उलटली की तुमसरच्या बाजारात धान उतरू लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने लागतात, मापारी आकडे पुकारतो, बारदान्याचे ढिगारे इकडून तिकडे हलतात आणि हवेत कोंड्याची बारीक धूळ तरंगत राहते. घसा खवखवतो, पण पाय निघत नाही. काम असो नसो, मी त्या दिवसांत तिथे थोडा रेंगाळतोच. ट्रकमध्ये कट्टे भरणारी हमालांची जोडी पाहत उभे राहणे हा माझा आवडता उद्योग आहे. दोघे कट्ट्याचे दोन-दोन कोपरे धरतात, एकदा झुलवतात आणि वर भिरकावतात. वरचा गडी तो झेलून थप्पीला लावतो. तोवर खाली दुसरा कट्टा झुलत असतो.

नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ते दोघे एकमेकांच्या फार जवळ उभे असतात, कपाळाला कपाळ लागेल इतके. एकदा जोडीतला जुना माणूस पाणी प्यायला गेला आणि त्याच्या जागी एक नवा पोरगा आला. तो बिचारा संकोचाने हातभर दूर उभा राहिला. कट्टा उचलला गेला, पण अर्ध्यातच खाली आला. समोरचा म्हातारा म्हणाला, "जवळ ये ना गा. दुरून भारी लागते."

मी मध्येच तोंड घातले. "वजन तर तेवढंच आहे ना, भाऊ?"

"तेवढंच हाय जी," म्हातारा म्हणाला, "पण दूर उभा रायला का हात एकमेकालेच ओढते."

घरी येऊन मी कागदावर मांडणी केली. कट्टा ४० किलोचा. दोघांचे हात सरळ उभे असते तर प्रत्येकाच्या वाट्याला २० किलोचा भार. हात उभ्या रेषेपासून ३० अंश कलले की तो २३ किलो होतो, ४५ अंशांना २८. ६० अंशांना गंमत होते. तिथे प्रत्येकाला पुरत्या ४० किलोचा जोर लावावा लागतो. मदतीला माणूस आहे, पण असून नसल्यासारखा. ७५ अंशांवर हा आकडा ७७ होतो आणि ८० वर ११५. कट्टा मात्र तोच, काट्यावर अजूनही ४० दाखवणारा. वाढलेला जोर त्याला उचलायला लागतच नाही. एकाचा हात डावीकडे ओढतो, दुसऱ्याचा उजवीकडे, आणि हे दोन आडवे भाग एकमेकांना खाऊन टाकतात. म्हाताऱ्याच्या वाक्यात हे सगळे आले होते. मी त्याला नुसते आकडे लावले.

आम्ही धानाच्या मुलखातली माणसे, आमची बेरीज धान्याच्या मापावर पक्की झालेली. पायलीत पायली ओतली की दोन पायल्या. पूर्वेकडून ओता, पश्चिमेकडून ओता, धानाला त्याचे काही नाही. ही बेरीज इतकी अंगवळणी पडलेली असते की दुसरी एखादी असू शकेल असे मनातही येत नाही. म्हणून शाळेत विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर ३ आणि ४ लिहून त्यांची बेरीज ५ केली, तेव्हा वर्गात हशा झाला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, किराणा दुकानात असंच सांगू का?" सर हसले आणि त्यांनी दोन बाण काढले. एक आडवा, तीन वीत लांब. दुसरा त्याच्या टोकापासून सरळ वर, चार वीत लांब. मग पहिल्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत तिरपी रेघ ओढली आणि ती एका पोराला मोजायला लावली. ती पाच वीत भरली. एकाच दिशेला असते तर सात भरली असती आणि समोरासमोर असते तर एक. आकडे तेच, बाण वळवला की उत्तर वळते. पाच आणि पाच यांची बेरीज तर शून्यापासून दहापर्यंत काहीही होऊ शकते.

वस्तुमान, वेळ, तापमान यांना नुसता आकडा पुरतो. त्या अदिश राशी. विस्थापन, वेग, बल यांना दिशाही सांगावी लागते. त्या सदिश. पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत आटोपते. माणसाला मात्र ते पचवायला बराच वेळ लागला. ब्रूजचा सायमन स्टेव्हिन १५८६ साली उतारावरच्या वजनांचे गणित मांडत होता. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात गतीचे नियम सांगून झाल्यावर पहिला उपसिद्धांत दिला तो बलांच्या समांतरभुज चौकोनाचा. त्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हारिन्यों हेच सांगत होता. आणि या राशींना आज आपण वापरतो तसे नाव मिळून त्यांचे स्वतंत्र बीजगणित उभे राहायला हॅमिल्टन, गिब्ज आणि हेविसाइड यांचे एकोणिसावे शतक उजाडावे लागले. म्हणजे दोन हमालांनी जवळ उभे राहावे हे कळणे जुने आणि ते का, हे लिहिता येणे फार अलीकडचे.

अकरावीच्या प्रयोगशाळेत याच गोष्टीचा एक प्रयोग असे. उभा लाकडी फळा, त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन कप्प्या, त्यांवरून सोडलेले दोरे आणि तीन वजने. ग्रेव्हसँड नावाच्या डच शास्त्रज्ञावरून या उपकरणाला नाव पडले आहे. तीन दोऱ्यांची गाठ मध्यभागी लोंबते. वजने लावली की ती थरथरते, इकडे तिकडे फिरते आणि एका जागी येऊन थांबते. बोटाने ढकलून सोडली तरी पुन्हा तिथेच येते. मागच्या कागदावर दोऱ्यांची दिशा पेन्सिलीने टिपायची, चौकोन पुरा करायचा, कर्ण मोजायचा, वहीत लिहायचे. प्रयोग संपला.

माझी नजर त्या गाठीवरच राहायची. तिन्ही बलांची बेरीज शून्य, असे निष्कर्षात लिहायचे असते. पण गाठ तर तिन्ही बाजूंनी ताणलेली आहे. बोट लावले तर दोरा तारेसारखा टणक लागतो. कुणीच ओढत नसलेली गाठ टेबलावर पडलेली असते, तीही स्थिर. फळ्यावर लोंबणारीही स्थिर. दोघींच्या खात्यावर शून्यच. कागदावर आपण समोरासमोरची बले काट मारून उडवतो. दोऱ्याला तसे करता येत नाही. काट मारलेला तो सगळा ताण त्याच्या अंगात असतो.

ही गाठ डोक्यात बसल्यापासून स्थिर वस्तूंकडे पाहण्याची एक खोड लागली. तुमसर रोड स्टेशन गावापासून थोडे दूर, देव्हाडीला. हावड्याकडून नागपूर-मुंबईकडे जाणारा हा मोठा मार्ग आणि इथूनच तिरोडीकडे जाणारा फाटा फुटतो. गाडीची वाट पाहताना माणसे रुळांकडे पाहतात, मी वर पाहतो. विजेच्या दोन तारा असतात. खालची जवळजवळ सपाट, कारण इंजिनावरचा पेंटोग्राफ तिला घासत जातो. वरची झोळ घेतलेली. वरच्या तारेपासून लहानमोठे लोंबते तुकडे खालचीला तोलून धरतात. मधल्या भागात आखूड, खांबाजवळ लांब. वरची तारही सरळच का ओढली नाही? कारण भार घेतलेली तार पुरती सरळ कधीच होऊ शकत नाही. अंगणातल्या दोरीवर चार किलोची ओली गोधडी मधोमध टाकली आणि दोरी आडव्या रेषेपासून जेमतेम पाच अंश झुकली, तर दोरीत सुमारे २३ किलोचा ताण येतो. झोळ आणखी कमी करायला जावे तसा ताण भराभर वाढतो आणि शेवटी दोरी किंवा खुंटी यांतले एक जाते. थोडी वाकून राहिलेली दोरी टिकते. रेल्वेने ठरावीक अंतरावर खांबांना लोखंडी वजनांच्या चळती लोंबत सोडलेल्या असतात. उन्हाने तार सैलावली की त्या खाली उतरतात, थंडीने आखडली की वर चढतात, आणि ताण होता तेवढा राहतो. प्रवासी त्यांच्या सावलीत डबा खातात.

बैलांचे गणित याहून जिवंत. भंडारा-गोंदियाकडे शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, वेड जुने. छकडीला जुंपलेली जोडी सुटते तेव्हा डोळ्यांना फक्त वेग दिसतो. जाणकार मात्र जू पाहतात. दोन्ही बैल सारख्या ताकदीचे असले तरी एक बाहेर झुकून पळणारा असेल तर त्याच्या जोराचा एक भाग सोबत्याला ढकलण्यात किंवा ओढण्यात जातो, छकडीच्या वाट्याला उरलेला येतो. ताकदीत फरक असेल तर जू तिरपे होते आणि छकडी कण्हत एका अंगाला जाते. नांगराला जुंपताना शेतकरी यावर एक साधा उपाय करतो. नाडा जुवाच्या मधोमध न बांधता दांडग्या बैलाच्या बाजूला थोडा सरकवतो. दांडग्यावर जास्त भार येतो, हलक्याला लांब दांडीचा फायदा मिळतो आणि जू सरळ राहते. बल किती, कोणत्या दिशेने, एवढ्यावर भागत नाही. ते कुठे लागले हेही पाहावे लागते, हा पुढचा धडा त्या चार बोटांच्या सरकवण्यात आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा उचलून धरला. बैलावर किती जोर टाकायचा, कुणासाठी, हा वाद त्या सगळ्या वर्षांत चालला. त्यात बैलाच्या खांद्याचाही विचार झाला, हे मला महत्त्वाचे वाटते. आडव्या जोराचा हिशेब शेवटी त्या खांद्यावरच पडतो.

बाजारात ट्रॉली उलटी केली की धानाची रास पडते. कुणी आकार देत नाही, तरी ती शंकूच होते आणि तिचा उतार दर खेपेला जवळजवळ सारखाच. वर आणखी धान ओतले तर रास उंचावते, रुंदावते, उतार मात्र तसाच ठेवते. उतारावरच्या एका दाण्याचा विचार करावा. त्याचे वजन सरळ खाली. पण खाली तर दुसरे दाणे आहेत. मग त्या वजनाचे दोन तुकडे होतात. एक तुकडा दाण्याला राशीत दाबतो, दुसरा त्याला उताराने खाली ओढतो. जोवर घर्षण या दुसऱ्याला पुरून उरते तोवर दाणा बसून राहतो. उतार जरा चढा झाला की दुसरा तुकडा मोठा होतो, पहिला लहान, आणि दाण्यांचा एक पदर सुळ्ळकन घसरून खाली येतो. धान ओले असेल तर रास अधिक उभी राहते. व्यापारी मूठभर धान दातांखाली धरायच्या आधी राशीकडे पाहून घेतो.

गावाच्या उत्तरेला सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात. तिकडे चिखला आणि डोंगरी बुजरुकच्या मँगनीजच्या खाणी. डोंगरी उघडी खाण, तिथल्या काही खनिजाचा उपयोग विजेरीच्या सुक्या घटांत होतो. चिखल्याला भुयारी काम आहे. उघड्या खाणीच्या कडेला टाकलेल्या मुरमाच्या काळपट टेकाडांचा उतार पाहिला की धानाची रास आठवते. नियम तोच, दाणा बदलला. भुयारात प्रश्न वेगळा. खनिज काढून घेतले की वरचा डोंगर ज्यावर टेकला होता ते निघून जाते. डोंगराचे वजन मात्र कुठे जात नाही. ते बाजूच्या खांबांवर, छताच्या टेकूंवर सरकते. म्हणून भुयारी खाणींत पोकळीत वाळू भरतात. स्थिर असलेला डोंगर हा आत कुणीतरी सतत तोलून धरलेला डोंगर असतो.

आमचा जिल्हा तलावांचा. गावोगावी जुने मालगुजारी तलाव, शेताच्या वर लहानशी बोडी, खाली बांध्या आणि त्यांचे धुरे. तलावाच्या पाळीवरून चालताना ती वर चिंचोळी आणि खाली रुंद का, हे कुणाला सांगावे लागत नाही. तरी तिथे एक मजेदार गोष्ट आहे. पाण्याच्या दाबाला स्वतःची दिशा नसते. एका खोलीवर तो सगळीकडे सारखा. दिशा येते ती पाळीमुळे. पाणी पाळीला भेटते तिथे ते तिच्या अंगाला काटकोनात रेटते आणि जितके खोल तितके अधिक. हा रेटा बाहेर ढकलणारा. पाळीचे स्वतःचे वजन खाली. दोघांचा मिळून एक तिरपा बाण होतो आणि तो पाळीच्या बुडाच्या आतच जमिनीत उतरायला हवा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी या भागात तलाव बांधले तेव्हा बाण काढले नसतील. मातीचा किती घेर ठेवायचा हे मात्र त्यांना ठाऊक होते. तो वर उल्लेखलेला स्टेव्हिनही पाण्याच्या दाबावर लिहीत होता आणि हॉलंडच्या पाणी अडवण्याच्या कामांत गुंतलेला होता, हे वाचले तेव्हा नवल वाटले नाही. पाणी अडवणाऱ्याला दिशेचा विसर पडून चालत नाही.

या शास्त्रातली एक गोष्ट मला बाजारात सांगायला धजवत नाही. बल आणि त्या बलाच्याच दिशेने झालेले विस्थापन यांच्या गुणाकाराला कार्य म्हणतात. हमाल पाठीवर कट्टा घेऊन सपाट जमिनीवर एका वेगाने गोदामापर्यंत चालत गेला. त्याने कट्ट्याला दिलेला आधार वरच्या दिशेने, कट्टा सरकला आडवा. दोन दिशा काटकोनात. म्हणून त्या आधाराने कट्ट्यावर केलेले कार्य शून्य. गणित चोख आहे. पण त्याच्या पाठीतले आणि पिंढऱ्यांतले स्नायू क्षणोक्षणी आखडत आणि सैल होत आहेत, अंगातली भाकर जळते आहे, घाम निथळतो आहे. हे सगळे शरीराच्या आत घडते आणि कट्ट्याच्या खात्यावर त्याची नोंद होत नाही. हमाली कट्ट्यामागे ठरते, कार्यामागे ठरत नाही, हे एक बरे आहे.

असे पाहत गेले की गावही एक गाठ वाटू लागते. तुमसर मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ. पश्चिमेला नागपूर, तिकडे शिकायला आणि नोकरीला जायचे. पूर्वेला गोंदिया, पलीकडे बालाघाट, तिकडे सोयरिकी. बाजारात एकाच सौद्यात मराठी, हिंदी आणि पोवारी ऐकू येते. रोवणीच्या दिवसांत पोरे परत येतात, चार बांध्या चिखलून जातात, पुन्हा गाडीत बसतात. शेत इकडे ओढते, पगार तिकडे. बाहेरून येणारा म्हणतो, इथे काही बदललेले दिसत नाही. त्याचे म्हणणे बेरजेपुरते खरे आहे. दोन भावांनी एकत्र ठेवलेली शेती, म्हाताऱ्या आईसाठी नागपूरची बदली टाळणारा मुलगा, दर आठवड्याला ये-जा करणारी मास्तरीण, या सगळ्यांच्या ओढी समोरासमोर येतात आणि गाव जागच्या जागी दिसते. पण त्या ओढी कुणाच्या तरी खांद्यातून जात असतात. घरात शांतता आहे, म्हणून कुणी काही सोसत नाही, असे आपण फार लवकर धरून चालतो. बहुतेक घरांत शून्य जुळवणारे एखादे माणूस असते. बेरजेत ते दिसत नाही.

आमचे सर उत्तरपत्रिका तपासताना बल किती न्यूटन हे बरोबर लिहिले आणि दिशा लिहिली नाही, तर अर्धा गुण कापत. पोरे कुरकुरत, आकडा तर बरोबर आहे ना म्हणत. सर काही न बोलता पुढचा पेपर घेत. त्या वयात तो नियम सगळ्यांनाच जाचक वाटे. आता वाटतो तो अगदी न्यायाचा. कापलेला गुणही अर्धाच होता आणि उत्तरही अर्धेच.